टापूवरचे रोडगे

माझी बहीण दीपाताई हिच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढायला प्रत्यक्ष देवाला रजा टाकून यावं लागेल. या खेपेला तिच्या डोक्यात टापू शिरला होता.

टापू म्हणजे आमच्या धरणाच्या मधोमध उरलेली टेकडी. पाणी अडवलं तेव्हा आसपासचं सगळं बुडालं, ही तेवढी राहिली. आता तिच्यावर चार तंबू आहेत, पत्र्याचं एक स्वयंपाकघर आहे आणि 'निसर्ग पर्यटन' असा बोर्ड आहे. नागपूरचे, यवतमाळचे लोक दोन दिवस हवापालटाला येतात, पाण्याच्या काठाकाठानं फिरतात, मोबाइलला रेंज नाही म्हणून पहिल्या दिवशी खूश होतात आणि दुसऱ्या दिवशी चिडतात. त्यांना मोटरबोटीनं आणणं-नेणं आणि टापूची राखण करणं हे माझं काम. करार अकरा महिन्यांचा. बाराव्या महिन्यात मी कोण असतो ते मलाही माहीत नाही, आणि मुलींचे बाप नेमकं तेच विचारतात.

मी छत्तीस वर्षांचा आहे आणि माझं लग्न जमत नाही. मुलगी पाहण्याच्या पहिल्या पायरीवर मी कधीच अडत नाही. दिसायला बरा आहे, बोलायलाही बरा आहे. दुसऱ्या पायरीवर मुलीकडचे घर पाहायला येतात. माझं घर म्हणजे पांढरकवड्याला ताईच्या घरामागची एक खोली. तिथं मी दर वेळी घसरतो.

"घर दाखवाचंच नाही," ताई म्हणाली. "टापू दाखवाचा. दोन दिवस हवापालटाले या म्हणाचं. तिथं तूच मालक दिसशीन."

"मालक? झाडू मी मारतो तिथं."

"त्याइच्यासमोर नको मारू."

मारेगावच्या वामनरावांची मुलगी, प्रेरणा. एकतीस वर्षांची, यवतमाळला एका खाजगी दवाखान्यात नर्स. मी तिला एकदा पाहून आलो होतो आणि खरं सांगायचं तर घरी येताना बसचं तिकीट घ्यायचं विसरलो होतो. म्हणूनच ताईला मी आधी बजावलं, की हे शेवटचं. हे नाही जमलं तर पुन्हा मला कोणासमोर बसवायचं नाही. ती इतक्या लवकर हो म्हणाली, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

आमच्यात एक रीत आहे, ती इथंच सांगून टाकतो. सोयरीक पक्की झाल्याशिवाय मुलीचा बाप मुलाकडे जेवत नाही. चहा चालतो, पाणी चालतं, सुपारीही चालते. पण तो ताटावर बसला आणि त्यानं पहिला घास मोडला, की बोलणं झालं. आणि मुलगी काही स्वतःच्या तोंडानं हो म्हणत नाही. ती आईच्या कानात 'भूक लागली' म्हणते. आई बापाकडे पाहते, बाप हातपाय धुवायला उठतो. दीपाताईचं लग्न असंच जमलं. त्या दिवशी मला खरोखरच भूक लागली होती, असं ती भाऊजींशी भांडण झालं की सगळ्या गल्लीला ऐकवते.

वामनरावांनी दोन दिवस नको म्हणून सांगितलं. सकाळी येऊ, टापू पाहू, दुपारचं जेवण पांढरकवड्यात त्यांच्या बहिणीकडे. म्हणजे माणूस रीत पाळणारा होता.

"जेवाच्या वेळेपर्यंत ठेवाचं त्याइले टापूवर," ताई म्हणाली. "रोडग्याचा वास आला का बुढा आपोआप ताटावर येते."

"ताई, हे फसवणं झालं."

"फसवणं नाही, आग्रह आहे."

तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला होता. त्या दिवसांत आमच्याकडे पाऊस नसतो असं म्हणतात; टापूवर असं काही ठरलेलं नसतं. सकाळी मी त्या तिघांना बोटीत बसवलं तेव्हा धुकं एवढं होतं, की बोटीचं पुढचं टोक दिसत नव्हतं. अर्ध्या पाण्यात आलो आणि ऊन पडलं. टापूला लागलो तेव्हा भुरभूर पाऊस. वामनरावांनी टोपी काढून झटकली आणि म्हणाले, "तुमच्या टापूचं काही खरं नाही, प्रफुल्लराव." मी हसलो. विजयमालाकाकूंनी, म्हणजे प्रेरणाच्या आईनं, लाइफ जॅकेट बोटीतून उतरल्यावरही अंगातच ठेवलं होतं.

चहा झाला. बिस्किटं झाली. ताई पत्र्यामागं गोवऱ्या पेटवून बसली होती, निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजत होते, वांग्याची भाजी रटरटत होती. मग तिनंच फर्मान काढलं, की पोरांनी टापूला एक फेरी मारून यावी.

आम्ही दोघं काठानं निघालो. पाणी उतरत जातं तसे काठावर चिखलाचे पट्टे उरतात, त्यांत शिंपले रुतलेले असतात. पाण्यात जुनी वाळलेली झाडं उभी आहेत, त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले. प्रेरणानं चप्पल हातात घेतली होती. तिला ते सांगावं लागलं नाही, हे मला आवडलं.

"इथं पाऊस असाच येते का? न सांगता?"

"सांगून येते," मी म्हटलं. "पण आपल्याले नाही सांगत. हे पाणकावळे झाडं सोडून गेले का समजाचं, आता वारा येते."

"लोक म्हणतात, समुद्रासारखं वाटते इथं."

"तुम्ही पाह्यला समुद्र?"

"नाही. तुम्ही?"

"मी बी नाही."

"मंग आपल्याले हाच समुद्र," ती म्हणाली.

पलीकडच्या बाजूला ऊन होतं. तिथं मोठ्या दगडावर ती जरा टेकली आणि एकदम विचारलं, बाराव्या महिन्यात काय करता? मला वाटलं, आली बापाची मुलगी जागेवर. मी म्हटलं, नवा करार होतो का याची वाट पाहतो. ती म्हणाली, "आमचं बी तसंच आहे. फक्त आमच्याकडं सहा महिन्याचं असते."

मग तिनं पळसाचं एक पान तोडलं आणि फाडत फाडत सांगितलं. "मागच्या ठिकाणी नको म्हटलं त्याइनं. रातपाळी करते म्हणून. रातभर बाहेर राहणारी बाई घरात कशी टिकन म्हणे. बाबाच्या तोंडावर म्हटलं. बाबा त्या दिवशी घरी येऊन जेवले नाही." तिचा आवाज साधाच होता, पानाचे मात्र बारीक बारीक तुकडे झाले होते.

"मी बी कित्येकदा रातभर बोटीपाशी जागतो," मी म्हटलं. "दोघंही जागे राह्यलो तं चोरानं जावं कुठं?"

ती हसली. अगदी मोकळी हसली. माझ्या बोलण्यावर कोणी असं हसून किती काळ झाला होता ते मला आठवेना. परत येताना मी तिला चिखलातला एक धड शिंपला काढून दिला. छत्तीस वर्षांच्या माणसानं करायची गोष्ट नव्हे, पण दिला. तिनं तो पर्समध्ये टाकला. मला आशा वाटायला लागली.

तंबूपाशी आलो. प्रेरणा आईजवळ जाऊन बसली आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. पाणीही मागितलं असेल. काकू गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या, तेवढ्यात वामनरावच उभे राहिले.

"चला, चहा झाला, फिरणं झालं. निघू आता. बहीण वाट पाहत असन."

आणि दीपाताई पदराला हात पुसत धावत आली. "अवं बाप्पा, आता कसं जासान वामनभाऊ? बोटीच्या इंजिनात कचरा अडकला. प्रफुल्ल म्हणत होता, दोन तास तरी लागते. तोवर दोन घास खाऊन घ्या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणायला हवं होतं. मी खाली पाहिलं.

वामनरावांच्या वावरात वीस वर्षं डिझेल इंजिन होतं, हे ताईला कोणी सांगितलं नव्हतं. ते सरळ उतारावरून बोटीकडे गेले, वाकून पाहिलं, पेट्रोलची नळी दाबली, चोक ओढला आणि दोरी खेचली. दुसऱ्या झटक्याला इंजिन असं गुरगुरलं, की माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

त्यांनी इंजिन बंद केलं. वर आले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"जेवू घालाची एवढी घाई?" ते म्हणाले. "कायले? काय लपवून राह्यले तुम्ही?"

"काका, लपवाचं काहीच नाही..."

"चला व," ते बायकोला म्हणाले. काकूंचं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. प्रेरणानं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी बोटीकडे वळलो आणि थांबलो. वाळलेल्या झाडांवर एकही पाणकावळा नव्हता. पश्चिमेला आभाळ शाईसारखं झालं होतं आणि त्याच्याखाली पाण्यावर एक पांढरी रेघ आमच्याकडे येत होती.

"काका, आता नाही जाता येत. वारा येऊन राह्यला."

वामनराव हसले. "आता वाराही तुह्या बहिणीनंच लावला काय?"

त्यांचं वाक्य संपलं न संपलं तोच बोर्ड उडाला. तंबूचे दोर ताणले, पाऊस आडवा आला. लाटा काठावर आपटायला लागल्या. कोणाला समुद्र पाहायचा असता तर तो त्या दिवशी दिसला असता. आम्ही पाचही जण मोठ्या तंबूत शिरलो. पण वामनरावांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की वादळ डोळ्यांनी पाहूनही, निघता येत नाही ही गोष्ट त्यांनी माझ्या तोंडून खरी मानलेली नाही. एकदा खोटं पकडलेल्या माणसाचं खरं कोण विकत घेतं?

दुपार टळली. पत्र्याखालून रोडग्यांचा वास येत होता आणि मला त्या वासाचा राग येत होता. ताईनं दोनदा ताटं मांडली आणि दोनदा उचलली. तिसऱ्यांदा तिनं रडत म्हटलं, "वामनभाऊ, चुकलं माह्यं. सोयरिकीचं समजू नका, नुसतं जेवा."

"आज असं म्हणसान," ते म्हणाले. "उद्या साऱ्या पांढरकवड्यात सांगसान, वामनराव जेवून गेले. मी घास नाही मोडत."

मग त्यांचे हात थरथरायला लागले. कपाळावर घाम आला. त्यांनी बायकोला विचारलं, बैल बांधले का? विकून झाले होते ते बैल. प्रेरणा झटकन उठली. सकाळी त्यांनी साखरेच्या आजाराची गोळी घेतली होती, वर जेमतेम चहा-बिस्किट. तिनं साखरेचं पाणी करून पाजलं. ते ताळ्यावर आले. थोड्या वेळानं पुन्हा घाम, पुन्हा थरथर. पुन्हा साखरेचं पाणी.

"साखरेनं जराशीकच निभते," ती आईला म्हणाली. "गोळीचा असर रातपर्यंत राहते. पोटात अन्न पाह्यजे." पर्समधला बिस्किटांचा पुडा सकाळी गाडीतच संपला होता, आणि आमची बिस्किटं चहाबरोबर. "बाबा, जेवून घ्या. मी सांगते ना."

"तू मधात बोलू नको."

"बाबा, तुम्ही बेशुद्ध पडसान. इथून दवाखान्यात कसं नेऊ तुम्हाले?"

"पडतो. पण फसवणाऱ्याच्या घरी पोरगी नाही देत अन् त्याच्या ताटावर नाही बसत." त्यांचे ओठ पांढरे पडले होते. काकू नुसत्या पदर चावत होत्या.

मी बाहेर पाहिलं. लाटा तशाच होत्या. बोट घातली असती तर पाचही जण गेलो असतो. आणि मग मला दिसलं, की हे ताट साधं करायला एकच रस्ता आहे. तो मला अजिबात नको होता. मला ती मुलगी हवी होती. चिखलात चप्पल हातात घेणारी, माझ्या फालतू विनोदावर हसणारी. मी उठून वामनरावांसमोर उभा राहिलो.

"काका, मले पोरगी पसंत नाही."

तंबूचं कापड फडफडत होतं.

"काय?" वामनराव म्हणाले.

"पसंत नाही. मी आमच्याकडून नाही म्हणतो. हे पाहणं संपलं. आता हे जेवण सोयरिकीचं नाही."

त्यांचे डोळे एकदम साफ झाले. अपमानानं माणूस शुद्धीवर येतो. "काहून? काय कमी आहे माह्या पोरीत?"

एरवी मला बोलायला शब्द कमी पडत नाहीत. त्या वेळी तोंडात काही येईना. तिच्यात काय कमी होतं ते मलाच ठाऊक नव्हतं. पण कारण असं हवं होतं, की त्यांनी ते तिथल्या तिथं खरं मानावं. तसं माझ्याजवळ एकच होतं, सकाळीच मिळालेलं.

"रातपाळीवाली नको मले," मी म्हटलं.

त्यांनी लगेच खरं मानलं. ते वाक्य त्यांनी आधी ऐकलेलं होतं.

"बरं," ते म्हणाले. "मंग आता आपण कोणी नाही. आम्ही टापूवर फिराले आलेले लोक. वाढा."

ते चार रोडगे जेवले, मान वर न करता. काकूही जेवल्या. प्रेरणानं दोघांना वाढलं, तूप वाढलं, पाणी दिलं, बापाची नाडी धरून बसली. त्यांचा घाम थांबला. ती स्वतः मात्र जेवली नाही, आणि तिला आग्रह करायचं तोंड आमच्यापैकी कोणाला नव्हतं.

पत्र्यामागं ताईनं माझी कॉलर धरली. "मेल्या, काय केलं रे हे?"

"तुले जेवून गेलेले पाह्यजे होते ना? जेवले."

संध्याकाळी वारा पडला. ऊनसुद्धा आलं, पिवळं, लाजिरवाणं. पाणी असं गुळगुळीत झालं होतं, जसं काही दुपारी काही घडलंच नाही. पाणकावळे आपापल्या झाडांवर येऊन बसले. मी तिघांना बोटीत घेतलं. वामनराव आणि काकू पुढं बसले, पाठ माझ्याकडे करून. प्रेरणा मागं, इंजिनाजवळ. तिथं आवाज एवढा असतो, की दोन हातांवरचं माणूसही ऐकू शकत नाही.

अर्ध्या पाण्यात ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "समजलं मले. बाबा जेवावे म्हणून बोलले तुम्ही."

मला एवढं बरं वाटलं, की इंजिनाचा दांडा हातातून सुटायला आला.

"पण दुसरं काही नाही सापडलं?" ती म्हणाली.

मी पुष्कळ शोधलं. उंच आहे म्हणता आलं असतं. पत्रिकेवर ढकलता आलं असतं. काहीही म्हणता आलं असतं. काठ येईपर्यंत मला एकूण सात-आठ कारणं सापडली आणि ती सगळी उशिरा सापडली. ती उतरली. पर्स उघडून शिंपला काढला, बोटीच्या फळीवर ठेवला आणि बापाचा हात धरून चढण चढून गेली.

रात्री मी आणि ताईनं उरलेले रोडगे खाल्ले. दगड झाले होते. वरणात कुस्करून खाल्ले, कारण अन्न टाकायचं नाही असं आम्हाला शिकवलेलं आहे.

ताई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं, तर ती उलटी खुशीत आली. म्हणाली, एवढंच ना, मी सांगते त्याइले खरं काय ते. मी नको म्हणत होतो. तिनं फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. सगळं सांगितलं. पोराला मुलगी पसंत होती, तुमच्या जिवासाठी खोटं बोलला, पाया पडते, इत्यादी.

वामनरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तेव्हाही खोटंच बोलले. इंजिन खोटं, नापसंती खोटी. आता हे जे सांगून राह्यल्या, ते खरं कशावरून?" आणि फोन ठेवला.

मारेगावात आता एकच गोष्ट पसरली आहे, की एका बोटवाल्यानं नर्स मुलगी नाकारली. लोक म्हणतात, याला पसंत तरी कोण पडते? ताईनं माझ्यामागं दोन ठिकाणी बोलणं चालू ठेवलं होतं, तेही त्या लोकांनी आपणहून थांबवलं.

ताईनं फोन केला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा त्याच नंबरावरून फोन आला. विजयमालाकाकू होत्या. अगदी हळू बोलत होत्या; वामनराव फोन घरी ठेवून वावरात गेले असावेत.

"दीपाबाई, एक सांगाचं होतं व. त्या दिवशी टापूवर फिरून आली ना प्रेरणा, तिनं माह्या कानात म्हटलं होतं, भूक लागली म्हणून. मी याइले सांगालेच उठली होती. तेवढ्यात तुम्ही इंजिनाचं काढलं."

माझ्याकडे पाहायची ताईची हिंमत झाली नाही. शेवटी तिनंच विचारलं, "अन् आता? आता काय म्हणते पोरगी?"

"काल विचारलं मी तिले," काकू म्हणाल्या. "म्हणते, भूक नाही."